बाबांना बाहेर बसवून रिपोर्ट दाखवू नका

‘बाबांच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला अडीच सेंटीमीटरची गाठ आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात “कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही” असं आलंय. भाऊ म्हणतो, बाबांना कळू द्यायचं नाही. काका म्हणतात, सुई लावली की पसरतो, बायोप्सी नको. बाबा बिडी ओढतात, आधी खडी क्रशरवर होते. मी कुणाचं ऐकू?’
– एक वाचक, सातारा

ताई, दोघांचंही ऐकू नकोस.

‘नाकारता येत नाही’ म्हणजे निदान नव्हे. क्षयाची गाठ स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते; पेट (PET) स्कॅनमध्येही, म्हणजे जास्त सक्रिय पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीतही, चमकते. हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते, तिच्यात चरबी किंवा लाह्यांसारखे कॅल्शियमचे ठिपके दिसले की ओळखू येते. पुरता न विरलेला न्यूमोनिया, जुन्या पोकळीतला बुरशीचा गोळा, हेही चकवतात.

पण तू जाता जाता लिहिलंस ते खडी क्रशरचं डॉक्टरांना सांगितलंस का? दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्याच्या बारीक गाठी एकत्र येऊन फुप्फुसाच्या वरच्या भागातच मोठे गोळे होतात, आणि अशा छातीला टीबीही लवकर धरतो. मला वाटतं, बाबा बाहेर बाकड्यावर होते आणि आत रिपोर्ट घेऊन भाऊ गेला. मग पूर्वी टीबीची औषधं घेतली होती का, थुंकीतून रक्त पडतं का, हे कोण सांगणार? जुना एक्स-रे कुठल्या ट्रंकेत आहे, हेही बाबांनाच ठाऊक. तीच गाठ दोन-तीन वर्षांपूर्वी तेवढीच दिसत असेल, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

कॅन्सर नसेलच असं मी म्हणत नाही. बिडी आणि दगडाच्या धुळीतली सिलिका दोन्ही त्याला कारण होतात. म्हणून अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करून महिने घालवू नका. सुईने कॅन्सर पसरणं फार क्वचित घडतं. खरा धोका फुप्फुसातून हवा गळण्याचा, त्यासाठी नंतर काही तास लक्ष ठेवतात. बायोप्सीत तुकडा काढण्याआधी एवढं विचार: थोडा नमुना सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीलाही जाणार ना? तुकडा टिकवायच्या फॉर्मालिन या द्रावणात जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही.

बाबांना सांग, ‘छातीत गाठ दिसतेय, कशाची ते अजून कळलेलं नाही, तपासायचंय.’ यात खोटं काहीच नाही. पुढच्या तारखेला त्यांना आत ने, आणि फायलींची पिशवी भावाला धरायला दे.