रेफरी आणि संघ एकाच रंगात: बदलायचं कोणी?

प्रश्न: आमच्या फुटबॉल स्पर्धेत एक संघ काळ्या जर्सीत उतरतो आणि रेफरीही काळ्यातच येतात. शर्ट कोणी बदलायचा?

सोय असेल तर रेफरीने. खेळाच्या नियमांतला चौथा नियम एवढंच सांगतो की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि सामनाधिकाऱ्यांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. बदल कोणी करायचा हे स्पर्धेची नियमावली ठरवते. दोन संघांचे रंग जुळले तर बहुधा पाहुणा संघ बदलतो. रेफरीशी जुळले तर अकरा जणांसाठी नवा संच शोधण्यापेक्षा रेफरी आणि दोन सहायक असे तीन शर्ट बदलणं केव्हाही सोपं. सहायकांना विसरू नका, तिघांचा रंग एकच हवा. इंग्लंडच्या बऱ्याच हौशी लीगमध्ये खेळाडूंना काळी जर्सी घालताच येत नाही, त्यामुळे तिथे हा वादच उरत नाही.

रेफरीच्या बॅगेत काळ्यासोबत एक भडक पिवळा शर्ट असला की बहुतेक सामने निभावतात. तिसरा घ्यायचाच तर लाल किंवा निळा घ्या. गोलकीपर हिरवे-पिवळे बरेचदा घालतात, म्हणून हिरवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवू नये.

प्रश्न: रेफरीला तर सगळेच ओळखतात. मग रंगाचा एवढा बाऊ कशाला?

पास देणारा खेळाडू मान वर करून चेहरे पाहत नाही. नजर चेंडूवर असते, आणि कडेला हलणारा आपल्या रंगाचा ठिपका दिसला की पाय तिकडे वळतो. तो ठिपका रेफरी निघाला तर चेंडू थेट त्याच्या अंगावर. २०१९ पासून असा चेंडू रेफरीला लागून मैदानातच राहिला आणि त्यामुळे ताबा बदलला, धोकादायक चढाई सुरू झाली किंवा चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल (रेफरी चेंडू हातातून खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करतो) द्यावा लागतो. म्हणजे नुकसान पास देणाऱ्याचं, आणि लय दोघांचीही तुटते.

सहायकाच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. तो बचावफळीच्या रेषेत टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, धावत असतो, नेमका विंगर (कडेने खेळणारा खेळाडू) जिथे अपेक्षित असतो तिथेच. मग पास सरळ रेषेबाहेर.

प्रश्न: गडद निळा आणि काळा हे वेगळे रंग धरायचे का?

कागदावर वेगळे, मैदानावर नाहीत. रंगाच्या नावापेक्षा गडद आणि फिका हा फरक जास्त कामाचा. दोन्ही जर्सी गवतावर शेजारी ठेवा, तीसेक मीटर मागे जा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही एकाच करड्या छटेत दिसल्या तर एक बदला. पाठ आणि बाह्याही तपासा. पुढून पट्टे असलेल्या जर्सीची पाठ नंबरासाठी कित्येकदा कोरी असते, आणि रेफरीला अर्धा वेळ पाठच दिसते. फिका राखाडी कपडा घामाने किंवा पावसाने भिजला की गडद होतो, तोही हिशेब धरा.

लाल विरुद्ध हिरवा हा तर फसवा जोड. पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला रंगांधत्व असतं, बहुतेकदा याच दोन रंगांचं. २०१८ च्या विश्वचषकाचा पहिला सामना रशिया (लाल) आणि सौदी अरेबिया (हिरवा) यांच्यात झाला तेव्हा अशा प्रेक्षकांनी तक्रारी केल्या होत्या.

प्रश्न: दोन्ही गोलकीपर एकाच रंगात आले तर?

दुसरा शर्ट कोणाकडेच नसेल तर सामना खेळवा, नियमच तशी मुभा देतो. पण गोलकीपर आणि इतर खेळाडू, मग ते प्रतिस्पर्धी संघाचे का असेनात, एका रंगात चालत नाहीत. कॉर्नरच्या गर्दीत हात कोणाचा लागला हे कळणार कसं?

प्रश्न: पर्यायी जर्सीच नसेल तर बिब (जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची रंगीत बंडी) चालतात का?

हौशी सामन्यात चालवून घ्यावे लागतात. पण बिबने नंबर झाकला जातो, आणि कार्ड दाखवताना नाव-नंबराचा घोळ होतो. बिबलाही नंबर असलेले बरे. बाह्या उघड्या राहतात, म्हणून बिब पूर्ण वेगळ्या छटेचे घ्या. राखीव खेळाडूंसाठी तिसऱ्या रंगाचे बिब ठेवा, नाहीतर वॉर्मअप करणाऱ्यांनाच पास जाईल. जर्सीखालच्या टी-शर्टच्या बाह्या जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाच्या असाव्यात, हे तर बिब नसतानाही लागू आहे.

एरवी उसनी जर्सी हा मार्ग आहेच. १९७८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरात फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढऱ्यातच हजर झाले. शेवटी फ्रान्सने किंबर्ली या तिथल्याच क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणल्या, सामना उशिरा सुरू झाला आणि तो त्यांनी ३-१ असा जिंकलाही. हे टाळायचं असेल तर दोन्ही कर्णधारांना आदल्या दिवशीच जर्सी, शॉर्ट्स, मोजे आणि गोलकीपरचा रंग, असे चार तपशील विचारून घ्या. मोजे हमखास राहून जातात, आणि टॅकलमध्ये शेवटचा पाय कोणाचा लागला हे त्यांच्यावरूनच ठरतं.