मालवणच्या उन्हात रोज फिरावं लागतं, सुरकुत्यांवर घरी काय करू?
आधी ऊन अडवा, मुख्य कारण तेच. वाळू-पाण्यावरून परतणारे किरण छत्रीखालीही चेहऱ्यापर्यंत येतात. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, निघण्याआधी १५ मिनिटं चेहऱ्याला आणि मानेला लावा. घाम पुसताना तेही निघून जातं, म्हणून दर २ तासांनी पुन्हा. खोबरेल ऊन पुरेसं अडवत नाही. लिंबू चोळून तर उन्हात जाऊच नका, त्वचा भाजून काळे डाग पडतात.

रात्री चेहरा धुऊन ओलसर असतानाच कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, थोडंसं बोटांवर वितळवून लावा. कोरडेपणाच्या बारीक रेषा मऊ दिसतात. खोल सुरकुत्या त्याने जात नाहीत. त्या थोड्या कमी दिसाव्यात म्हणून रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए असलेलं क्रीम: वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला आठवड्यातून २ रात्री. गरोदरपणात मात्र अजिबात नको.