पोरसच्या आर्मीसाठी फिगर्स घ्यायच्यात, इतिहासाला धरून असलेल्या कशा ओळखायच्या?

तुम्ही लिहिलंय की टेबलवर लढाई खेळायच्या छोट्या सैनिकांच्या फिगर्समधली अलेक्झांडरची मॅसेडोनियन आर्मी मित्राकडे रंगवून तयार आहे, समोर तुम्हाला पोरस उभा करायचाय, आणि साइट्सवर 'एन्शंट इंडियन' म्हणून जे काही विकतात त्यातलं त्या काळाचं नक्की कुठलं हे कळत नाहीये. मी याच खड्ड्यात पाय घालून बसलो होतो, त्यामुळे जरा लांबड लागेल, चालवून घ्या.

आधी ते लेबल डोक्यातून काढा. खेळाच्या नियमांत कुठल्या सैन्यात काय असावं याची जी आर्मी लिस्ट असते तिच्यात नंदांपासून गुप्तांपर्यंत हजारएक वर्षं एकाच नावाखाली कोंबलेली असतात आणि फिगर बनवणारे पण तीच लिस्ट समोर ठेवून बनवतात. म्हणजे यादवांचे सैनिक आणि १९७१ चे जवान एका पाकिटात घालून 'महाराष्ट्र' असं लिहिल्यासारखं आहे हे. तुमची तारीख ठरलेली आहे, इ.स.पू. ३२६, झेलमचा काठ. प्रत्येक फिगर बघताना एवढंच विचारायचं, हा गडी त्या दिवशी तिथे असता का?

मी हे विचारलं नव्हतं. पहिला लॉट १५ मिमीचा (म्हणजे फिगरची उंची) मागवला (दुकानाचं नाव घेत नाही), कस्टमवाल्यांचे पैसे भरले, डबा उघडला तर हत्तींवर अंबाऱ्या, घोड्यांना रिकिबी, आणि तिरंदाजांच्या हातात कॅलेंडरवरच्या रामासारखी वळणदार छोटी धनुष्यं. पुढचे दोन महिने बारीक करवत घेऊन अंबाऱ्या कापण्यात गेले, घरचे म्हणायचे नवीन आणलेली खेळणी मोडतोय कशाला.

तर सगळ्यात आधी धनुष्य बघा. बाकी काही चुकलं तरी चालेल पण हे नको, कारण या आर्मीची ओळखच ती आहे. अलेक्झांडरबरोबर निआर्कस नावाचा त्याचा माणूस स्वतः इथे आला होता, त्याच्या लिखाणावरून एरियन या ग्रीक इतिहासकाराने 'इंडिका' या पुस्तकात वर्णन केलंय की भारतीय पायदळाचं धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीएवढं असतं, ते जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायाने दाबायचं आणि दोरी पार मागे खेचायची, बाण तीन हातांना जरासा कमी. हात म्हणजे आपलाच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, तेव्हा बाण झाला साधारण १.३ मीटर. २८ मिमीच्या फिगरला हिशोब लावला तर धनुष्य ३० मिमीच्या आसपास आणि बाण २२ मिमी, १५ मिमीच्या फिगरला धनुष्य १६-१७. फोटोत धनुष्य कमरेपासून डोक्यापर्यंतच पोचत असेल तर पुढचं पान उघडा. पाय धनुष्याला लावलेली पोझ मिळाली तर डोळे झाकून घ्या. वळणदार धनुष्यं अगदीच खोटी असं नाही, कौटिल्याच्या यादीत ताड, बांबू, लाकूड यांच्याबरोबर शिंगाचं शार्ङ्ग पण आहे, त्यामुळे पुढे मौर्य करणार असाल तर एखादा बेस (फिगर्स चिकटवायची पट्टी) तसा ठेवलात तर मी भांडणार नाही. पण पोरसच्या मुख्य रांगेत नको.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाहीये. कर्टियस हा रोमन इतिहासकार सांगतो की पावसाने जमीन निसरडी झाली होती, त्यामुळे ती लांब धनुष्यं टेकवून नीट मारताच येईनात. म्हणून बेसवर पिवळी वाळू आणि सुकं गवत लावू नका, चिखल करा. प्लास्टर, थोडा डिंक, ब्राउन रंग आणि वर ग्लॉसचा हात, लोणावळ्याला जुलैत गाडी लावतो तसला चिखल.

भालाईतांचं पटकन सांगतो. कच्च्या चामड्याची ढाल, रुंदीला माणसापेक्षा कमी पण उंचीला जवळजवळ त्याच्याएवढी. गोल धातूची ढाल हातात दिसली की तो पोरसचा नाही, मुघलांच्या पाकिटातून पळून आलाय. तलवार रुंद, फार तर तीन हात लांब, दोन्ही हातांनी चालवायची. घोडेस्वाराला दोन फेकभाले, लहान ढाल, खोगीर नाही, रिकीब तर नाहीच नाही.

आता हत्ती. आपल्या डोक्यात हत्ती म्हटलं की म्हैसूरचा दसरा आणि अंबारी येते, टीव्ही सिरियल्सनी तर वाटच लावलीय. पोरसच्या हत्तीवर अंबारी नको. हत्तीच्या पाठीवरचे ते लाकडी मनोरे पुढे ग्रीक राजांच्या सैन्यात दिसायला लागतात. मौर्यांच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थेनिस सांगतो एक माहूत आणि तीन तिरंदाज, आणि अलेक्झांडरच्या काळातली जी चांदीची नाणी बहुतेक अभ्यासक याच लढाईशी जोडतात त्यांच्यावर हत्तीवर दोनच माणसं पाय टाकून बसलेली आहेत. म्हणजे दोन ते चार माणसं, झूल, अंकुश, गळ्यात घंटा, बास. त्याच नाण्यांमध्ये एकावर स्वतःएवढं धनुष्य ओढणारा तिरंदाज आहे आणि एकावर चार घोड्यांचा रथ, त्यांचे फोटो मोबाईलवर सेव्ह करून ठेवा, दुकान कुठलंही असो तुलना तिथेच करा. आणि हत्ती आपलाच आहे ना ते बघा! सुपासारखे मोठे कान आणि मध्ये खोल गेलेली पाठ असेल तर तो आफ्रिकन, कपाळावर दोन उंचवटे आणि कमानदार पाठ म्हणजे आपला. संख्येचं म्हणाल तर एरियन २०० हत्ती सांगतो, कर्टियस ८५, रथ दोघेही ३००, त्यामुळे हत्ती किती घ्यायचे यात खिशाला विचारा.

रथांवर फार खर्च करू नका, एक-दोन पुरे. कर्टियसचा रथ चार घोड्यांचा आणि सहा माणसांचा, दोन ढालवाले, दोन तिरंदाज, दोन सारथी. मेगास्थेनिसकडे सारथी सोडून दोघंच. दोन्ही प्रकारचे मिळतात, मी मोठा घेतला कारण टेबलवर भारी दिसतो, लढाईत मात्र चिखलात रुतून बसला तसाच माझ्याकडेही दर गेमला रुतून बसतो.

कपड्यांच्या बाबतीत उघडी छाती आणि धोतर एवढ्यावर सगळी आर्मी काढू नका. निआर्कसच्या वर्णनात पोटरीपर्यंतचा सुती अंगरखा आहे, खांद्यावरून आणि डोक्याला गुंडाळलेलं दुसरं वस्त्र आहे, श्रीमंतांच्या कानात हस्तिदंती डूल, जाड तळव्याचे पांढरे चामडी जोडे, वर छत्री, आणि सगळ्यात मजा म्हणजे दाढ्या रंगवलेल्या, पांढऱ्या, निळ्या, लाल, जांभळ्या, हिरव्यासुद्धा. मी एका सरदाराची दाढी हिरवी केलीय आणि प्रत्येक नवीन खेळाडू मला ते चुकलंय म्हणून सांगतो. स्वतः पोरस हत्तीवर, अंगात उत्तम चिलखत, उजवा खांदा उघडा, तिथेच त्याला जखम झाली. पायदळाच्या पुढे हेराक्लिसची मूर्ती नेत होते असं कर्टियस म्हणतो, काही अभ्यासक तो वासुदेव-कृष्ण धरतात, निशाणवाल्याच्या जागी ती करता येईल.

शिल्पं बघायची तर सांचीच्या दक्षिण तोरणावर कुशीनगरच्या वेढ्याचा देखावा आहे, हत्ती, रथ, तिरंदाज सगळं एका पट्टीत. आणि पुणे-मुंबईत असाल तर भाज्याच्या लेण्यात सूर्याचा चार घोड्यांचा रथ आणि शेजारी हत्तीवरचा स्वार जाऊन बघून या. दोन्ही पोरसनंतरचं आहे, दोन-तीनशे वर्षांनी, त्यामुळे झुली, पागोटी, दागिने यांच्यासाठी वापरा, हत्यारांसाठी आधी नाणी. अजिंठ्याची बहुतेक चित्रं फारच पुढची, त्यातून काही उचलू नका.

साइजचं म्हणजे २८ मिमीचा हट्ट नसेल तर १५ चा विचार करा. डीबीए या नियमांच्या खेळासाठी बारा बेस लागतात, १५ मिमीला ४० मिमी रुंद, २८ ला ६०. १५ मध्ये झिस्टन कंपनीकडे अलेक्झांडरच्या काळाची रेंज आहे, त्यात भारतीय पण आहेत. दोन कंपन्यांच्या फिगर्स एका बेसवर मिसळू नका, '२८' म्हणून एकाची डोकी बोरांएवढी आणि दुसऱ्याची तांदळाएवढी असतात. रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असलेला ओळखीचा कुणी असेल तर फाइल घेऊन प्रिंट करणं सगळ्यात स्वस्त, पण १५ मध्ये धनुष्य पटकन तुटतं, प्रिंट करतानाच जरा जाड करून घ्या. आणि मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका, हवेतल्या दमटपणाने सगळ्यांवर पांढरी साय येते, माझे तीन हत्ती त्यात गेले.

पूर्ण आर्मी एकदम मागवू नका, आधी तिरंदाजांचं एक पाकीट मागवा, पट्टी लावून धनुष्य मोजा, आणि शंका आली तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो टाका इथेच, मी बघून सांगतो.