सातव्या कलमाबद्दल

सावदा

चि. स अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचा करारनामाही. ट्रकवाल्यांसाठी अ‍ॅप काढतोयस, छान वाटलं. पण पत्रात गूगलच्या दंडावर भलताच तापला आहेस. "कष्टानं मोठं व्हायचं आणि वर दंड भरायचा?"

मी तीस वर्षं केळीत काढली. आमच्याकडे एक व्यापारी होता. नवती (नवी लागवड) असो की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग), घडाला हात लावला की वजन सांगायचा. पैसे रोख. लोक आपणहून त्याला बाग द्यायचे, आणि त्यात कोणाचं काय बिघडलं? मग एका हंगामात त्यानं ट्रकवाल्यांना दम भरला: दुसऱ्याचा माल भरला तर वर्षभर माझ्या दारात यायचं नाही. माझी कटाई झालेली, घड बांधावर पानांखाली झाकलेले, आणि गाडी येईना. कापलेली केळी थांबते का? त्या दिवशी त्यानं मला मारलं ते केळीतल्या हुशारीनं नाही.

आपला २००२चा स्पर्धा कायदा हाच भेद करतो. कलम ४ मोठेपणाला हात लावत नाही, मोठेपणाच्या गैरवापराला लावतं. ऑक्टोबर २०२२मध्ये स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो सर्च चांगलं चालतं म्हणून नव्हे. प्ले स्टोअर हवं असेल तर फोन कंपनीनं गूगलच्या अ‍ॅप्सचा सगळा गठ्ठा घ्यायचा, ही अट नडली. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले.

तुझा राग अगदीच वाया नाही म्हणा. प्ले स्टोअरच्या पेमेंटबद्दलचा दुसरा दंड ९३६.४४ कोटींचा होता. अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. आयोगाचाही हात जड पडतो. अमेरिकेत २००० साली मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा हुकूम निघाला, पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टानं तो फिरवला. मक्तेदारी टिकवायला गैरमार्ग वापरल्याचा ठपका मात्र राहिला. आणि तो खटला दाखल झाला १९९८ला, गूगल कंपनी निघाली त्याच वर्षी! तेव्हा गूगल हे तुझ्यासारखंच कोवळं पोर होतं.

मला खरी खंत आहे ती वेळेची. निकाल लागेपर्यंत बांधावरची केळी काळी पडलेली असते.

आता तुझा करारनामा. सातव्या कलमात लिहिलंयस, ट्रकमालकानं दुसऱ्या अ‍ॅपवरून भाडं घ्यायचं नाही, घेतलं तर सहा महिने बंद. आज तू एवढा लहान आहेस की आयोग बहुधा तुझ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण मी ते कलम दोनदा वाचलं, आणि मला तो हंगाम आठवला.

ते खोडून पाठव, मग पुढचं वाचतो. केळीच्या कांदेबागाची कटाई चालू आहे, रविवारी आलास तर घरीच असेन.

तुझा काका