संज्ञा आणि संयुजा पाठ करताय? आधी हे वाचा

सगळी आवर्त सारणी घोकायला बसू नकोस. सुरुवातीला वीस मूलद्रव्यं पुरतात, आणि त्यांच्या जोडीला लोह, तांबं, जस्त, चांदी, शिसं. सोडिअमची संज्ञा 'एनए' का, असं वाटतं ना? ती नेट्रिअम या लॅटिन नावावरून आली. पोटॅशिअमचं कॅलिअम, लोहाचं फेरम, चांदीचं अर्जेंटम. जुनं नाव कळलं की संज्ञा आपोआप लक्षात राहते.

दुसरं अक्षर छोट्या लिपीतच लिही. मोठा सी, छोटा ओ म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठी काढलीस की झाला कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू!

खरी गडबड होते ती मूलकांत, म्हणजे संयुगातल्या धन किंवा ऋण प्रभार असलेल्या भागांत. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट तिन्हींची संयुजा (दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता) २, म्हणून मुलं निर्धास्त होतात आणि नायट्रोजनपाशी फसतात. नायट्रेट १, नायट्राइट १, पण नायट्राइड ३. हे तिघं शेजारी शेजारी लिहून काढ.

फेरस २, फेरिक ३. एकाच लोहाच्या या दोन संयुजा, त्यामुळे नाव नीट वाचल्याशिवाय सूत्राला हात लावू नकोस.

आता ॲल्युमिनिअम सल्फेट घे. ॲल्युमिनिअम ३, सल्फेट २. तिरकस गुणाकार केला, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याखाली लिहिली, की ॲल्युमिनिअमखाली २ आणि सल्फेटला कंस करून बाहेर ३. कंस विसरलास तर तो ३ फक्त ऑक्सिजनला चिकटतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये मात्र दोन्हीकडे २ येतात, ते काढून टाक.

रोज पाच सूत्रं, वहीत, हाताने. नुसतं वाचून हे येत नाही.