मोठे होण्याच्या कथांमध्ये बालपणीची मैत्री मोडतेच का?

आपण विचारले आहे की, मुलांच्या मोठे होण्यावरील कादंबऱ्यांमध्ये बालपणीची मैत्री जवळजवळ नेहमीच का मोडते, आणि निरागसता संपल्याचे दाखवायला लेखकांना दुसरे काही सुचत नाही की काय. सुचत नसावे असा संशय काही वेळा मलाही येतो, कारण मित्राचा मृत्यू घडवून आणला की शेवट आपोआप गंभीर वाटू लागतो आणि पुष्कळ लेखक तेवढ्यावर भागवतात. पण चांगल्या कादंबऱ्यांमध्ये मैत्री मोडण्यामागे एक पक्के कारण असते, असे माझे मत आहे.

जग वाईट आहे हे मुलांना फार लवकर कळते, आणि तेवढ्याने कोणाचे बालपण संपत नाही. आपणही वाईट वागू शकतो आणि ते इतर कोणाला कळले नाही तरी आपल्याला कळलेले असते, हे उमगले की मागे फिरता येत नाही. हे उमगण्यासाठी कथेत असे कोणी तरी लागते, ज्याच्याशी वाईट वागता येईल. आईवडील चालत नाहीत, कारण ते रागावतात, शिक्षा करतात आणि हिशेब तिथेच मिटतो. मित्रापाशी शिक्षा करण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे हिशेब उघडाच राहतो.

खालिद हुसैनी यांची 2003 मधील ‘द काइट रनर’ घ्या. काबूलमध्ये 1975 च्या हिवाळ्यात बारा वर्षांचा अमीर पतंगांची स्पर्धा जिंकतो, त्याच्यासाठी काटलेला निळा पतंग आणायला नोकराचा मुलगा हसन धावतो, गल्लीत त्याच्यावर अत्याचार होतो, आणि अमीर ते आडून पाहून पळ काढतो. बहुतेक वाचकांच्या लक्षात राहतो तो हा प्रसंग. मला मात्र त्यानंतरचा एक प्रसंग अधिक जिव्हारी लागतो. टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडाजवळ अमीर हसनला एकामागून एक डाळिंबे फेकून मारतो आणि ‘तूही मार’ म्हणून त्याला डिवचतो, कारण एक तरी फटका बसला तर आपला गुन्हा थोडा फिटेल, अशी त्याची आशा असते. हसन एक डाळिंब उचलतो, अमीरजवळ येतो आणि ते स्वतःच्याच कपाळावर फोडतो. पुढे अमीर आपले घड्याळ आणि काही नोटा हसनच्या गादीखाली ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ घेतो, आणि हसन तोही मान्य करतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते असे: हसन डोळ्यांसमोर आहे तोवर अमीरला स्वतःपासून सुटका नाही, म्हणून त्याला घराबाहेर काढणे भाग पडते.

पहिल्या वाचनात मला अमीरचा इतका संताप आला होता की, पुस्तक काही दिवस बाजूला ठेवावे लागले. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की, हे सगळे सांगणारा अडतीस वर्षांचा अमीरच आहे. त्याने सांगितले नसते तर मला त्याचा राग येण्याचे कारणच उरले नसते. अशा कथा मोठेपणी मागे वळून सांगितल्या जातात त्या यासाठीच, कारण त्या वयात घडते ते त्या वयात पुरते कळत नाही. जॉन नोल्स यांच्या ‘अ सेपरेट पीस’मध्ये (1959) तर सांगणाऱ्यालाही ते धडपणे पकडता येत नाही. झाडाच्या फांदीवर उभ्या असलेल्या जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि त्याचा जिवलग मित्र फिनी खाली पडतो. हे मुद्दाम घडले की नाही, याचा साफ निवाडा कादंबरी करत नाही. पंधरा वर्षांनी जीन ते झाड पाहायला परत येतो, तेव्हा ते त्याच्या आठवणीतल्या झाडाहून बरेच लहान निघते.

मैत्री प्रत्येक वेळी दगाफटक्यानेच संपते असे मात्र नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये नववीचे वर्ष संपते, मित्रांची टोळी विस्कटते आणि त्यासाठी कोणा एकाला खलनायक व्हावे लागत नाही. हे लिहिणे मला अधिक अवघड वाटते, कारण दोष द्यायला कोणी नसले की वाचकाचे दुःख रागात वळवून हलके करता येत नाही.

आणि मोडलेली मैत्री पुन्हा जुळवून दाखवणारे एक पुस्तक आहे, फ्रेड उलमन यांचे ‘रीयुनियन’ (1971). 1932 साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात ज्यू हान्स आणि सरदार घराण्यातला कोनराडिन ही सोळा वर्षांची मुले जिवलग मित्र होतात. पण एका संध्याकाळी ऑपेरागृहात कोनराडिन आईवडिलांसोबत हान्सच्या समोरून जातो आणि त्याला ओळख दाखवत नाही. पुढे काय होते ते अगदी शेवटच्या वाक्यात आहे. पुस्तक एका बैठकीत संपण्याइतके लहान आहे, तेव्हा ते वाचा, आणि कृपा करून आधी शेवटचे पान उघडू नका.