हार्मोन्सचा प्रॉब्लेम म्हणजे मूल होणारच नाही का?

"हार्मोन्सचा प्रॉब्लेम निघालाय मॅडम, आता मला मूल होणारच नाही ना?" हे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणींकडून ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

त्यातली एक चांगली लक्षात आहे. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा त्रास), पाळी दोन-दोन महिने गायब. फाईल मांडीवर घट्ट धरून बसायची, बोलताना तिचा कोपरा सारखा दुमडायची. "माझ्यातच दोष आहे, ह्यांची तर टेस्टपण नाही केली." वर घरचे म्हणायचे टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील, म्हणजे राहिलं नाही तर तोही दोष हिचाच!

काही भेटी नुसतं रडणं, राग, ते होऊ दिलं. मग एकदा कागद पुढे केला, म्हटलं डाव्या बाजूला डॉक्टर काय बोलले ते लिही, उजवीकडे तू काय ऐकलंस ते. डावीकडे आलं, "बीज वेळेवर सुटत नाहीये, गोळ्या देऊन बघू." उजवीकडे, "मी आई होणार नाही." बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे उजवीकडचं तर कुणी बोललंच नाहीये."

मला विचाराल तर रिपोर्टपेक्षा आपण त्याचा लावलेला अर्थच माणसाला जास्त मोडतो, आणि तो अर्थ तिचा तिलाच दिसावा लागतो, मी सांगून उपयोग नसतो. त्या दिवशी तिला तो दिसला, मला फार बरं वाटलं.

खरं तर बीज न सुटणं हे वंध्यत्वाच्या ज्या कारणांवर चांगले उपचार आहेत त्यातलं एक. पीसीओएसमध्ये साधारण लेट्रोझोल ही बीज वाढायला मदत करणारी गोळी देतात, पाळीच्या सुरुवातीला ५ दिवस, आणि सोनोग्राफीत बीज वाढतंय का बघतात. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी काहींची पाळी सुधारते. थायरॉईड कमी असेल तर त्याची गोळी, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढलं असेल तर बहुतेक वेळा ते कमी करणारी कॅबरगोलिन, पण आधी थायरॉईड तपासायचं कारण त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं. गोळ्या मनाने किंवा मैत्रिणीचं बघून घेऊ नका प्लीज. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच, ती साधी असते, बाईच्या दहा टेस्ट झाल्यावर कशाला?

पुढच्या अपॉइंटमेंटला ती नवऱ्याला घेऊन गेली, प्रश्न लिहून.

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा, पुढे असाल तर ६ महिन्यांतच. पाळीच नीट येत नसेल तर तेवढंही थांबू नका.